निद्रावाङ्मयाचा परामर्श

मराठी टीकाकारांनी कथा-कादंबरीची समीक्षा केली, नाटकांची केली, पोवाड्यांची केली, उखाण्यांनाही सोडले नाही. परंतु रात्री साडेबारानंतर मराठी माणूस ज्या वाङ्मयाकडे हमखास वळतो, त्या ‘झोप येण्याच्या घरगुती उपायां’ची काही कुणी दखल घेतलेली दिसत नाही. टीकाकारांना झोप उत्तम लागत असावी. त्यांच्या श्रोत्यांना तर लागतेच. ही उणीव भरून काढण्याची माझी पात्रता एवढीच, की सेवानिवृत्तीपासून मी हे वाङ्मय आडवा पडून अभ्यासत आहे.

या वाङ्मयाचा पहिला दोष असा, की ते रचणाऱ्याला झोप येते. विरहगीत लिहिणाऱ्याचं निदान कुणीतरी गावाला गेलेलं असावं, एवढी आपली माफक अपेक्षा असते. इथे सगळा उलटा कारभार. आमच्या शेजारचे अप्पा या विषयातले मोठे अधिकारी. ‘अहो, काही नाही, मनात विचारच आणायचे नाहीत,’ हे वाक्य ते खुर्चीत बसून सुरू करतात आणि ‘नाहीत’पर्यंत पोचायच्या आत घोरू लागतात. मोबाइलवरून उपाय पाठवणारे सद्गृहस्थ ते पहाटे साडेपाचला पाठवतात. ज्याचा नुकता कुठे डोळा लागलेला असतो, त्याला ‘टिंग’ करून उठवायचं आणि झोपेचं महत्त्व सांगायचं!

दुसरा दोष शैलीचा. सगळं कसं आज्ञार्थी. मन रिकामं करा. अंग सैल सोडा. आता मन रिकामं करायला घेतलं, की माळा आवरायला काढल्यासारखं होतं. कुठल्या कुठल्या वस्तू खाली येतात. १९८३ साली उसने दिलेले दीडशे रुपये येतात. ‘गॅस बंद केला का?’ हे येतं, आणि ते आलं की उठून पाहावंच लागतं. अंग सैल सोडण्याचंही तेच. डावा पाय सैल झाला की नाही, हे तपासायला तो एकदा ताठ करून बघावा लागतो. झोप ही अशी चीज, की तिच्यामागे लागावं तर ती चार घरं पुढे जाते. आणि हे लेखक आपल्याला धावायच्या सूचना देतात. कुंभकर्णाची गोष्ट आठवा. त्याला झोपेचा वर मिळाला तोदेखील मागून नव्हे. म्हणायचं होतं ‘इंद्रासन’, जीभ वळली आणि तोंडून निघालं ‘निद्रासन’.

मेंढ्या मोजण्याचा प्रकार तर सरळसरळ परकीय. आपल्याकडे मेंढ्या मोजायच्या त्या धनगराने, आणि मोजता मोजता तोच झोपला तर लांडग्याची सोय. २००२ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी झोप न लागणाऱ्या माणसांवर एक प्रयोग केला. ज्यांना एखादं निवांत, रम्य दृश्य डोळ्यांपुढे आणायला सांगितलं, ते लवकर झोपले. ज्यांना नुसतंच ‘मन दुसरीकडे वळवा’ असं सांगितलं, ते नाही. म्हणजे उपदेशापेक्षा वर्णन सरस. आमचे टीकाकार नवकवींना हेच सांगत आले आहेत.

जायफळ घातलेलं दूध ही कलाकृती आशयाने बेताचीच. दुधातलं झोपेला उपकारक म्हणतात ते द्रव्य कपभर दुधात अगदीच थोडं. आणि जायफळाची चिमूट ओलांडली, तर झोप राहते बाजूला आणि भलतेच भास होऊ लागतात. पण अभिव्यक्ती पाहा! कुणीतरी आपल्यासाठी उठतं, सहाणेवर जायफळ उगाळतं, कप हातात देतं. अर्धं काम तिथेच होतं.

मात्र या वाङ्मयातली अभिजात कृती म्हणजे काशाची वाटी. आजी तळपायाला तूप लावायची आणि वाटीने घासत बसायची. पाय काळे झाले की म्हणायची, ‘बघ, उष्णता बाहेर पडली!’ आता तो काळा रंग म्हणजे काशातलं तांबं आणि तूप यांचा आपसातला मामला. उष्णतेचा त्यात काही हात नाही. पण १९९९ साली स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की पाय उबदार असले की झोप लवकर लागते. हातापायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्या वाटे शरीराच्या आतली उष्णता बाहेर पडते, आणि आतलं तापमान उतरू लागलं की डोळे मिटतात. म्हणजे आजीचा सिद्धांत बरोबर, पुरावा तेवढा चुकीचा. झोपायच्या तास-दोन तास आधी कोमट-गरम पाण्याने अंघोळ करावी, तिच्यामागेही हेच इंगित. शिवाय वाटी घासताना आजी ‘झोप’ हा शब्द उच्चारत नसे. ती जाऊबाईंबद्दल बोलत असे.

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही या वाङ्मयातली सर्वांत आटोपशीर रचना. एकही आज्ञार्थ नाही. पण ती दिवसभर नांगर धरणाऱ्याची आहे. दिवसभर खुर्ची धरणाऱ्याने धोंडा उशाला घेतला तर मान तेवढी धरते.

आधुनिकांत मला रिचर्ड बुटझिन हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मोठे वाटतात. १९७२ साली त्यांनी सांगितलं, की झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडूच नका. उठा, दुसऱ्या खोलीत जा, पेंग आली की परत या. अंथरूण म्हणजे जागण्याची जागा, अशी शरीराची समजूत होता कामा नये. विचार क्रांतिकारक, फक्त लेखकाने दोन खोल्यांचं बिऱ्हाड पाहिलेलं नसावं. आमची दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर.

गेल्या आठवड्यात रात्री दीडला बुटझिनसाहेबांचा मान राखून मी तिकडे गेलो, तर ओट्याशी पाटावर ही बसलेली.

‘अगं, तू जागी?’

‘रोजच असते. मी कूस बदलली नाही की तुम्हाला वाटतं झोपलेय. म्हटलं, तुमची मोडायला नको.’

‘मी जागाच होतो.’

‘ते कळतंच. जागे असता तेव्हा घोरत नाही तुम्ही.’

मुलाच्या नोकरीचं ती बोलली नाही, मीही बोललो नाही. जरा वेळाने तिने उठून वरच्या फळीवर हात घातला आणि डबे सरकवून काशाची वाटी काढली. तूप मी कढवलं. मग आधी कुणाचे पाय, यावरून तेवढा थोडा वाद झाला.