जातिविशिष्ट मूषकविष : मारकता आणि भक्ष्यता

उंदराला मारील परंतु अन्य प्राण्यांना अपाय करणार नाही, असे विष सिद्ध करणे हे मूषकनियंत्रणाचे जुने ध्येय होय. या ध्येयाची चर्चा करताना बहुधा एकाच प्रश्नावर भर दिला जातो : निरनिराळ्या प्राण्यांच्या बाबतीत विषाची घातक मात्रा किती? उंदीर ते विष आपण होऊन खाईल काय, हा प्रश्न दुय्यम मानून आमिष तयार करणाराच्या कौशल्यावर सोपविला जातो. मारकता रसायनशास्त्राकडे आणि भक्ष्यता कारागिरीकडे, ही वाटणी कितपत युक्त आहे, हे नॉरबोर्माइड या द्रव्याच्या इतिहासावरून तपासून पाहण्यासारखे आहे.

अमेरिकेतील मॅकनील प्रयोगशाळेतील रॉस्कोव्स्की व त्यांचे सहकारी यांनी १९६४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात नॉरबोर्माइडचे वर्णन प्रसिद्ध केले. रॅटस नॉर्व्हेजिकस या तपकिरी उंदराच्या बाबतीत, निम्मे प्राणी दगावण्यास लागणारी त्याची मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे सुमारे ५ ते १२ मिलिग्रॅम आहे. कुत्रा, मांजर आदी प्राणी १,००० मिलिग्रॅमची मात्राही सहन करतात. या भेदाचे कारणही पुढे स्पष्ट झाले. उंदराच्या बारीक रोहिण्या या द्रव्याने तीव्रपणे आकुंचन पावतात, रक्तप्रवाह खुंटतो आणि प्राणी मरतो. इतर सस्तन प्राण्यांच्या रोहिण्या त्याने आकुंचित न होता उलट शिथिल होतात. एकाच द्रव्याचा दोन प्राणिवंशांवर असा परस्परविरुद्ध परिणाम व्हावा, ही विषविज्ञानातील विरळा घटना म्हटली पाहिजे. असे असूनही बाजारात आलेले हे विष काही वर्षांतच मागे पडले. उंदीर ते पुरेसे खात नसत, हे त्याचे मुख्य कारण होय.

घातक मात्रेचे आकडे सामान्यतः विष नळीने थेट जठरात सोडून मिळविले जातात. त्या पद्धतीत उंदराची चव, त्याची शंका आणि त्याची स्मृती यांना स्थानच नसते. शेतात अथवा गोदामात मात्र मात्रा किती घ्यावयाची, हे उंदीर स्वतः ठरवितो. तो अनोळखी पदार्थ प्रथम थोडासाच खाऊन पाहतो. विष शीघ्र परिणामी असेल, तर प्राणघातक मात्रा पोटात जाण्यापूर्वीच त्याला पीडा सुरू होते. तो खाणे थांबवितो आणि बरा झाल्यास त्या आमिषाला पुन्हा तोंड लावीत नाही. रझोस्का यांनी १९५३ साली या आमिषभयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. चिटी व सदर्न यांनी संपादित केलेल्या १९५४ च्या ऑक्सफर्ड येथील ग्रंथातही विषाआधी काही दिवस निर्विष आमिष घालण्याच्या पद्धतीचे सविस्तर विवेचन आहे. आपल्याकडे झिंक फॉस्फाइड वापरताना प्रथम साधे भरडलेले धान्य ठेवण्याची जी रीत आहे, तिचे मर्मही हेच. नॉरबोर्माइडचा शीघ्र परिणाम नळीच्या प्रयोगात गुण ठरला. तोच आमिषात दोष ठरला.

याच्या अगदी उलट चित्र वॉरफरिनचे आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेतील संशोधनातून निघालेले हे रक्तसाकळणविरोधी द्रव्य १९५० च्या सुमारास मूषकनाशक म्हणून प्रचारात आले. त्यात जातिविशिष्टता जवळजवळ नाही. परंतु त्याचा परिणाम कित्येक दिवसांनी दिसतो. त्यामुळे आहार आणि पीडा यांचा संबंध उंदराच्या ध्यानी येत नाही आणि तो खात राहतो. १९५८ साली स्कॉटलंडमध्ये वॉरफरिनला दाद न देणारे उंदीर आढळले आणि पुढे ब्रोडिफॅकूमसारखी प्रखर द्रव्ये वापरात आली. ती यकृतात दीर्घकाळ साठून राहतात. सबब विष खाल्लेला उंदीर ज्या घुबडाच्या भक्ष्यस्थानी पडतो, त्या घुबडालाही धोका पोहोचतो. सारांश, निवडक विष खाल्ले गेले नाही आणि खाल्ले गेलेले विष निवडक नव्हते. या कोंडीची किंमत आजही उंदीर खाणारे पशुपक्षी मोजीत आहेत.

न्यूझीलंडमध्ये हा प्रश्न विशेष निकडीचा आहे. तेथे वटवाघळांखेरीज देशी भूचर सस्तन प्राणी नाहीत. बाहेरून आलेल्या उंदरांनी देशी पक्ष्यांचा मोठा संहार केला आहे. २०५० पर्यंत उंदरांसह काही परकीय भक्षकांचे निर्मूलन करण्याचा संकल्प तेथील शासनाने २०१६ साली जाहीर केला. ऑकलंड विद्यापीठ व लँडकेअर रिसर्च येथील संशोधकांनी नॉरबोर्माइडच्या रेणूला अन्य घटक जोडून शरीरात सावकाश मोकळी होणारी रूपे तयार केली आहेत. चव झाकणे आणि परिणाम लांबविणे, हे दोन्ही हेतू त्यात आहेत. दिशा योग्य आहे. परंतु विलंब किती पुरेसा, याचा निर्णय केवळ रोहिणीच्या आकुंचनाची वेळ मोजून होणार नाही. गार्सिया व सहकारी यांनी १९६६ मध्ये दाखविले की, चव आणि तीनंतरची अस्वस्थता यांत तासाहून अधिक अंतर असले तरी उंदीर त्यांचा संबंध जोडतो. म्हणून या विलंबाचे माप उंदराच्या स्मृतीशी लावून पाहावयास हवे.

दुसरा आक्षेप ‘जातिविशिष्ट’ या शब्दाविषयीच आहे. रॅटस रॅटस या काळ्या उंदराला नॉरबोर्माइडची मात्रा तपकिरी उंदराच्या कित्येक पट, सुमारे ५२ मिलिग्रॅम, लागते. घरातील लहान उंदराला, म्हणजे मस वंशातील मूषकाला, २,००० मिलिग्रॅमहून अधिक. उलटपक्षी ऑस्ट्रेलियातील देशी रानउंदीर रॅटस फ्युसिपेस हा याच वंशातला आहे. तो उपद्रवी नव्हे, रक्षणीय आहे. तेव्हा हे विष उपद्रवी आणि निरुपद्रवी असा भेद करीत नाही. त्याची निवड प्राण्याच्या शरीररचनेपुरती असते. महाराष्ट्रात घूस ही बँडिकोटा या निराळ्या वंशात मोडते. तपकिरी उंदरावरील आकडे तिला जसेच्या तसे लावणे शास्त्रीय ठरणार नाही.

यावरून मूल्यमापनाची कसोटीच बदलावी लागेल. नळीने दिलेली घातक मात्रा ही केवळ आरंभाची माहिती होय. निर्विष अन्न समोर असताना जंगली उंदीर विषारी आमिष किती खातो, वाचलेला उंदीर ते पुन्हा स्वीकारतो काय आणि मेलेला उंदीर खाणाऱ्या प्राण्याचे काय होते, या तीन प्रश्नांची उत्तरे एकाच अहवालात दिली गेली पाहिजेत. भक्ष्यता हे मारकतेचे परिशिष्ट नव्हे, तिचा पहिला अवयव आहे. कारण न खाल्लेल्या विषाची निवडकता कोणाच्याच उपयोगाची नसते.