रांग सरासरीने लागत नाही

समजा, गोंदिया जंक्शनवर आरक्षणाची एकच खिडकी उघडी आहे. दर १० मिनिटांनी एक प्रवासी येतो आणि त्याचे काम बरोबर ८ मिनिटांत होते. रांग किती लांब होईल? वर्गात विचारून पाहा. बहुतेक विद्यार्थी सांगतील, रांग लागणारच नाही. प्रवासी घड्याळ लावल्यासारखे येत असतील तर हे उत्तर बरोबर आहे. पण माणसे तशी येत नाहीत. तासाला सरासरी सहाच प्रवासी असले, तरी प्रत्येक जण आपापल्या सवडीने येत असेल, तर रांगेच्या गणिताप्रमाणे प्रत्येकाला सरासरी १६ मिनिटे ताटकळावे लागते. काम ८ ऐवजी ९ मिनिटांचे झाले, तर ही प्रतीक्षा ४० मिनिटांवर जाते. म्हणजे रांग ठरते ती केवळ सरासरीवरून नव्हे, तर दोन प्रवाशांमधील अंतरे कशी विखुरली आहेत यावरूनही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील ए. के. एर्लांग यांनी १९०९ साली फोनच्या मागण्यांबाबत याच गणिताचा पाया घातला.

आज शाळांची माहिती, निकाल, तिकिटे हे सारे संगणकावरील डेटाबेसमध्ये असते. तो किती गर्दी पेलेल हे आधीच तपासण्यासाठी खोटी गर्दी निर्माण करणारे प्रोग्रॅम असतात. त्यांपैकी पोस्टग्रेस या मोफत डेटाबेसबरोबर मिळणारा ‘पीजीबेंच’ बराच वापरात आहे. तो मुळात जपानच्या तात्सुओ इशी यांनी लिहिला. त्याची गर्दी खऱ्या गर्दीसारखी आहे का, हे येथे पाहू.

काहीही न सांगता तो चालवला, तर त्यातील प्रत्येक काल्पनिक ग्राहक उत्तर मिळताच क्षणाचीही उसंत न घेता पुढचा व्यवहार सुरू करतो. यंत्र जास्तीत जास्त किती ओढते हे त्यातून कळते. पण असा ग्राहक जगात नाही. माणूस पडद्यावरचे वाचतो, विचार करतो, चष्मा शोधतो. म्हणून मध्ये विलंब घालावा लागतो. त्यासाठी पीजीबेंचमध्ये ‘स्लीप’ ही आज्ञा आहे. मात्र तिला एकच ठरीव आकडा दिला, की आपण पुन्हा घड्याळी प्रवाशांकडे येतो.

काही जण १ ते २३ सेकंदांमधला कोणताही आकडा सारख्या शक्यतेने निवडतात. सरासरी १२ सेकंद येते, पण २३ सेकंदांहून अधिक विचार करणारा कोणी उरत नाही. १९९२ साली मान्य झालेल्या ‘टीपीसी-सी’ या चाचणी-मानकाने अधिक चांगला मार्ग घेतला. शून्य ते एकमधील एक यादृच्छिक संख्या घ्यायची, तिचा नैसर्गिक लॉगरिदम काढायचा, ऋण चिन्ह बदलायचे आणि सरासरीने गुणायचे. सरासरी १२ सेकंद असेल, तर ०.९ वरून सुमारे १.३ सेकंद, ०.५ वरून ८.३ आणि ०.१ वरून २७.६ सेकंद मिळतात. १०० पैकी सुमारे ६३ विलंब सरासरीहून लहान निघतात आणि थोडे फार मोठे. सुमारे सातांत एक विलंब २३ सेकंदांहून मोठा असतो. पीजीबेंचमध्येही अशा घातांकी वाटणीचे आकडे काढण्याची सोय आहे. ती वापरायची की नाही, हे चाचणी घेणाऱ्यावर आहे.

विलंब यादृच्छिक केला तरी एक दोष राहतो. ग्राहक उत्तराची वाट पाहतो आणि मगच पुढच्या विलंबाचे घड्याळ लावतो. सेकंदाला एक प्रश्न या वेगाने १० मिनिटांची चाचणी चालू असताना डेटाबेस एक मिनिट अडकला, तर चाचणी करणाराही ते मिनिट गप्प बसतो. नोंदीत एकच वाईट आकडा येतो आणि सरासरी प्रतीक्षा ०.१ सेकंदाच्या आसपास दिसते. खऱ्या जगात त्या मिनिटात ६० माणसे येऊन अडकली असती आणि सरासरी ३ सेकंद आली असती. तीसपट फरक! वर्गाबाहेर उभ्या मुलांना हजेरीत न धरता उपस्थिती शंभर टक्के दाखवावी, तसे हे झाले.

पीजीबेंचचे मोठे श्रेय असे, की २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासून त्यात यावर उपाय आहे. सरासरी वेग दिला, की तो व्यवहारांचे यादृच्छिक वेळापत्रक आखतो. आधीचा व्यवहार लांबला तरी वेळापत्रक थांबत नाही आणि प्रतीक्षा ठरलेल्या वेळेपासून मोजली जाते. हे मोजमाप प्रामाणिक आहे. ही सोय न वापरता छापलेल्या ‘सेकंदाला इतके व्यवहार’ अशा आकड्यांवर म्हणूनच फार विसंबू नये.

तरीही उणीव उरते. एका चाचणीत सरासरी वेग एकच राहतो आणि प्रत्येक ग्राहक दुसऱ्यापासून स्वतंत्र मानला जातो. माणसे नेहमी स्वतंत्र नसतात. २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी ४ वाजता १८ ते ४४ वयोगटासाठी कोविनवर लसनोंदणी खुली झाली, तेव्हा देशभरातील लोक एकाच घड्याळाकडे पाहत होते. माहिती भरण्याच्या अंतिम तारखेला सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव येथील शिक्षकही एकाच संध्याकाळी संगणकासमोर बसतात. तेथे घातांकी सूत्रही अपुरे पडते. निरनिराळ्या वेगांच्या चाचण्या एकामागून एक लावून ती चढती गर्दी मुद्दाम घडवावी लागते.

हे केले नाही, तर चाचणीत डेटाबेस उत्तीर्ण होतो आणि अंतिम तारखेला अडकतो. मग ठपका येतो तो ‘शिक्षकांनी वेळेत माहिती भरली नाही’ असा. हिशेब मात्र आधीच चुकलेला असतो.

वर्गात हे सहज करून दाखवता येईल. यादृच्छिक संख्या व लॉगरिदम देणाऱ्या गणकयंत्रावर सरासरी १० मिनिटांची वीस अंतरे काढा, फळ्यावर प्रवाशांच्या येण्याच्या वेळा मांडा आणि प्रत्येकाला ८ मिनिटे द्या. वीसच प्रवाशांत १६ हा आकडा नेमका येणार नाही, पण रांग कशी वाढते हे मुलांना दिसेल. मग पहिला प्रश्न पुन्हा विचारा.