भागीदारी कशाला म्हणायचं?

'पोलीस आणि खासगी उद्योग यांची भागीदारी' हे शब्द हल्ली फार कानावर पडतात. यातला 'भागीदारी' हा शब्द आज जरा तपासून पाहू. त्यासाठी कफ परेडचं हे मच्छीमार नगर योग्य जागा आहे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री याच किनाऱ्यावर रबरी होडीतून काही जण उतरले. त्यांना हटकलं ते इथल्या कोळ्यांनी. कोण, कुठले, असं विचारलं. उत्तर उर्मट मिळालं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

त्यानंतर राम प्रधान समिती बसली आणि शहरभर कॅमेरे लावायचं ठरलं. काम लार्सन अँड टुब्रोकडे गेलं, खर्च सुमारे ९४९ कोटी रुपये. २०१६ साली साडेचार हजारांहून अधिक कॅमेरे सुरू झाले. त्यांचा उपयोग होतो, हे मान्यच करायला हवं. गुन्हा घडल्यावर माग काढायला ते कामी येतात. पण याला भागीदारी म्हणावं का?

भागीदारी म्हणजे काय, हे कोळ्यांना शिकवायला नको. जुन्या वाटा पद्धतीत मासळी विकली की बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा, खलाशाचा वाटा. जाळं रिकामं आलं तर झळही सगळ्यांना. कॅमेऱ्यांच्या व्यवहारात सरकार पैसे देतं, कंपनी यंत्रणा देते. रहिवाशाचा वाटा कुठला? यंत्रणा चुकली तर झळ त्याला, करारात मात्र त्याचं नाव नाही. याला सरळ कंत्राट म्हणावं. कंत्राट वाईट नसतं. त्याला भागीदारी म्हटलं की रहिवाशाला विचारायचं राहून गेलं, हे झाकलं जातं.

इंग्लंडमध्ये जेरेमी बेंथम यानं १७९१ मध्ये एका नजरेत सगळे कैदी दिसतील अशा तुरुंगाचा आराखडा छापला. तो तुरुंग त्याला स्वतःच कंत्राटावर चालवायचा होता! पण त्यानंही एक अट घातली होती: तुरुंग लोकांना पाहायला खुला हवा. म्हणजे पाहणाऱ्यावरही नजर. आपण तेवढं तरी मागायला नको का? कॅमेरे कुठे आहेत, चित्रण किती दिवस ठेवतात, बंद पडल्यास दाद कुणाकडे मागायची, हे वस्तीला सांगा. आणि वस्तीतल्या कुणी संशय कळवला, तर त्याचं पुढे काय झालं, तेही त्याला कळवा. कॅमेरा पाहतो, 'कोण तुम्ही?' असं विचारत नाही. त्या रात्री विचारणारी माणसं इथे होती.