केल्टिक नरबलीची लॅटिन वर्णने : वाक्यरचनेची साक्ष

ड्रुइड पुरोहित आपली विद्या लेखनात उतरविणे निषिद्ध मानीत, असे सीझर सांगतो. परिणामी केल्टिक धर्माविषयी आपल्याला जे वाचावयास मिळते ते बव्हंशी परक्यांनी, आणि त्यातही जेत्यांनी लिहिलेले आहे. नरबली खरोखर दिले जात की नाहीत, या प्रश्नावर पुष्कळ वाद झाला आहे. परंतु त्या वर्णनांच्या वाक्यरचनेकडे मात्र द्यावे तितके लक्ष दिले गेलेले नाही.

सीझरच्या गॉल-युद्धावरील ग्रंथाचा सहावा खंड घ्यावा. लवचीक फांद्यांनी विणलेल्या प्रचंड आकृतींत जिवंत माणसे भरून त्या पेटवितात, हे त्याने एकाच वाक्यात, वर्तमानकाळी, आवाज न चढविता सांगितले आहे. माणसे भरण्याची क्रिया कर्तरी आहे. पेटविण्याची क्रिया मात्र आपल्या सति-सप्तमीसारख्या कर्तृहीन रचनेत येते, आणि शेवटी ज्वालांनी वेढलेली माणसे कर्मणि क्रियापदाने मरतात. ‘वेढणे’ या अर्थाचे हे क्रियापद सीझर एरवी शत्रुसैन्याला घेरण्यासाठी वापरतो. सेनापतीच्या दप्तरातील हा शब्द येथे सहज उतरलेला दिसतो. त्याचा संयम विश्वासार्ह वाटतो खरा. तथापि संयम हीसुद्धा एक शैलीच होय.

ल्युकनची गोष्ट निराळी. मासिलियाजवळच्या देवराईचे त्याचे वर्णन नकारांवर उभे आहे : तेथे ग्रामदेवता नाहीत, वनदेवी नाहीत, पाखरे बसावयास धजत नाहीत. परिचित रोमन उपवनातून एकेक गोष्ट वजा करीत जावे आणि जे उरेल त्याला भयानक म्हणावे, अशी ही रीत आहे. इ. स. पूर्व ४९ च्या त्या वेढ्याच्या सीझरच्या स्वतःच्या वृत्तांतात लाकूडतोड आहे, देवराई नाही. तारानिस या देवाची वेदी सिथियातील डायानाच्या वेदीहून सौम्य नाही, असे ल्युकन म्हणतो तेव्हाही तो गॉलकडे पाहत नसून ग्रीक नाटकाकडे पाहत असतो. पुरावा म्हणून हा कवी, माझ्या मते, जवळजवळ निरुपयोगी आहे.

टॅसिटसच्या मोना बेटावरील प्रसंगात (इ. स. ६० च्या सुमारास) शब्दक्रम बोलका आहे. आधी राया तोडल्या जातात. मग ‘कारण’ या अर्थाचे अव्यय येते आणि बंदिवानांच्या रक्ताचा उल्लेख होतो. कृती प्रथम, समर्थन मागाहून. शिवाय हे सारे त्या लोकांना ‘फास्’, म्हणजे धर्मसंमत, वाटे असे म्हणताना शब्द रोमचाच वापरला आहे.

एवढ्यावरून नरबलीची कथा सर्वस्वी कल्पित ठरविणे हा उतावीळपणा होईल. वर्णनाला साचा आहे म्हणून वस्तू खोटी ठरत नाही. परंतु तुलनेसाठी लिव्हीचा बाविसावा खंड उघडावा. इ. स. पूर्व २१६ मध्ये, कॅनीच्या पराभवानंतर, रोमच्या गुरांच्या बाजारात दोन गॉल व दोन ग्रीक, प्रत्येकी एक स्त्री व एक पुरुष, जिवंत पुरण्यात आले. हा विधी मुळीच रोमन नव्हे, अशी पुस्ती लिव्ही जोडतो. गॉल लोक बळी देतात तेव्हा सीझरचे क्रियापद कर्तरी असते. येथे माणसे ‘उतरविली गेली’, आणि उतरविणाऱ्यांचा त्या वाक्यात कोठेही उल्लेख नाही.