‘ट्रॉयमेराय’ : लघुरचनेतील हळुवारपणाची घडण

लघु आणि हळुवार संगीतरचनांची स्तुती पुष्कळ होते. चिकित्सा मात्र क्वचितच होते. ‘हृदयस्पर्शी’ वा ‘शब्दातीत’ असे विशेषण वापरले की समीक्षकाचे काम संपते. आपल्याकडे ‘सुगम संगीत’ या संज्ञेनेही असाच घोटाळा केला आहे. ऐकण्यास सुगम ते रचण्यासही सुगम, असे गृहीत धरले जाते. या संदर्भात रॉबर्ट शूमान यांच्या ‘ट्रॉयमेराय’ (स्वप्नरंजन) या पियानोरचनेवरून १९२० च्या सुमारास झडलेला वाद आजही विचारात घेण्याजोगा आहे.

ही रचना ‘किंडरझेनेन’ (बालपणीची दृश्ये) या १८३८ मधील तेरा लघुरचनांच्या मालिकेतील सातवी होय. सुमारे तीस छोट्या रचनांतून निवड करून ही मालिका सिद्ध झाल्याचे शूमान यांनी क्लारा वीक यांना कळविले होते. मुखपृष्ठावर ‘सोपे तुकडे’ असा उल्लेख असला, तरी ही बालकांसाठी लिहिलेली नव्हे, तर प्रौढाने मागे वळून पाहिलेल्या बालपणाची मालिका आहे. रडणारे मूल समोर ठेवून शूमान यांनी त्याला साजेसे स्वर शोधले असावेत, अशी समजूत समीक्षक रेलस्टाब यांनी करून घेतली, तेव्हा शूमान संतापले. शीर्षके रचनेनंतर दिलेली असून ती केवळ वादकाला दिशा दाखवितात, असा त्यांचा खुलासा होता.

नव्या संगीताचे कडवे विरोधक हान्स फित्झनर यांनी नेमकी हीच रचना उदाहरणादाखल घेतली. अशा स्फूर्तिजन्य सुरावटीपुढे ‘किती सुंदर!’ एवढेच म्हणता येते, तिचे सौंदर्य बुद्धीने सिद्ध करता येत नाही, असा त्यांचा दावा होता. शोनबर्ग यांचे शिष्य आल्बान बेर्ग यांनी १९२० मध्ये त्याला उत्तर दिले, तेही स्वरलिपी उलगडून.

अवघ्या २४ बारांची ही रचना एकाच चढणीभोवती विणलेली आहे. एफ हा षड्ज मानल्यास सुरावट मंद्र पंचमावरून षड्जावर येते, तेथे दीर्घ रेंगाळते आणि मग निषादाला स्पर्श करून तार षड्जापर्यंत चढते. हे रेंगाळणे महत्त्वाचे, कारण त्यामुळे तालाचा आघात जाणवेनासा होतो. दुसऱ्या वेळी तीच चढण तार षड्ज ओलांडून तार गंधार गाठते. मधल्या भागात ती अन्य स्वरांवरून फिरून येते. अखेरीस पुन्हा तोच तार गंधार येतो, परंतु त्याखालची कॉर्ड आता निराळी आहे आणि तेथे विरामचिन्ह आहे. ओळखीचा स्वर अनोळखी प्रकाशात दिसावा, तसा हा क्षण आहे. ज्याला आपण हळुवारपणा म्हणतो, तो इथे पूर्वीच्या दोन चढणींच्या स्मरणावर उभा आहे. पहिली दोन पदे वगळून शेवटचेच वाजविले, तर तो लोपतो.

बेर्ग यांची बाजू आम्हांस सबळ वाटते, तथापि अपुरीही वाटते. त्यांचा भर लिखित स्वरलिपीवर आहे. वादनात या घडणीचे काय होते, हा प्रश्न उरतोच. मूळ मुद्रित प्रतीत मिनिटास १०० मात्रा अशी गती आहे. प्रचलित वादने याहून कितीतरी संथ असतात. गती फार उतरली की प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे गोड लागतो, पण चढण अखंड ऐकू येत नाही आणि मग फित्झनर यांचा उद्गार तेवढा शिल्लक राहतो.

याला मैफिलीतील प्रथाही कारणीभूत आहे. १९८६ मध्ये मॉस्को येथे व्लादिमिर होरोविट्झ यांनी ‘ट्रॉयमेराय’ सुटी सादर केली आणि ते वादन गाजले. अशा सादरीकरणात तिला निरोपाचे रूप येते. मालिकेत मात्र तिच्या लगेच आधी ‘महत्त्वाची घटना’ ही ए मेजरमधील ठणठणीत, ऐटबाज रचना आहे. तो गलका थांबताच, कोणतीही पूर्वसूचना न देता, मंद्र पंचमाचा तो एकटा स्वर ऐकू येतो.