खलत्व आणि क्षुधा : ‘फँटॅस्टिक फोर’च्या एका अंकाचे वाचन

मराठी समीक्षेत खलपात्राचा विचार बहुधा नैतिकतेच्या अंगाने झालेला आहे. दुष्ट हेतू बाळगणारा, नायकाच्या मूल्यांना छेद देणारा आणि अखेर शासनास पात्र ठरणारा तो खल, असे समीकरण आपण गृहीत धरत आलो आहोत. ज्याच्या ठायी द्वेष नाही, किंबहुना ज्याच्या लेखी आपले अस्तित्वच दखलपात्र नाही, अशा संहारकाला या समीकरणात कोठे बसवायचे? हा प्रश्न येथे एका लोकप्रिय चित्रकथेच्या आधारे उपस्थित करावयाचा आहे. मार्च १९६६ अशी तारीख असलेला ‘फँटॅस्टिक फोर’ या अमेरिकी मालिकेचा ४८वा अंक ही ती संहिता होय. तिचे लेखन स्टॅन ली यांचे, चित्रे जॅक कर्बी यांची. ग्रहांची जीवनशक्ती शोषून जगणारा गॅलॅक्टस या अंकात प्रथम अवतरतो.

चित्रकथांतील खल मराठी वाचकाला अपरिचित नाहीत. १९६४ साली मुंबईत सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्स मालिकेच्या मराठी अंकांनी वेताळ आणि मँड्रेक यांच्यासमवेत त्यांचे शत्रूही घरोघरी पोचवले. चाचे, तस्कर, जुलमी सत्ताधीश हे ते शत्रू. १९३४ साली अवतरलेल्या फ्लॅश गॉर्डनचा प्रतिस्पर्धी मिंग हा परग्रहावरचा असला, तरी वृत्तीने तो सम्राटच आहे. त्याला सिंहासन हवे आहे, सूड हवा आहे; म्हणजे त्याची भाषा आपल्याला कळते. गॅलॅक्टसला मात्र केवळ भूक आहे.

ही भूक अंकात कशी येते, हे पाहणे उद्बोधक आहे. आरंभीची पाने आधीच्या कथेचा शेवट करण्यात खर्ची पडतात. नंतर न्यूयॉर्कचे आकाश अकस्मात पेटते आणि घाबरलेला जमाव स्वतः अग्निरूप होऊ शकणाऱ्या ह्यूमन टॉर्चवरच संशय घेतो. आकाशातील ज्वाला प्रत्यक्षात वॉचर या तटस्थ साक्षीने पृथ्वी दृष्टीआड करण्यासाठी निर्माण केलेल्या असतात. हस्तक्षेप न करण्याचे व्रत घेतलेला साक्षीच व्रतभंग करतो, यावरून संकटाचे परिमाण वाचकाला उमगते. मग सिल्व्हर सर्फर हा दूत येतो आणि अगदी अखेरच्या पानावर गॅलॅक्टस. म्हणजे अंकभर खलाच्या कृतीऐवजी त्याच्या आगमनाची चिन्हेच आपण वाचत असतो.

व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ साली लोककथेच्या रूपविचारात कथेला गती देणारी दोन पर्यायी कार्ये सांगितली : खलकृत्य आणि उणीव. त्यांच्या मांडणीत खलकृत्य प्रतिपक्षाचे असते, तर उणीव नायकपक्षाची. प्रस्तुत अंकात हे वाटप मोडते. येथे उणीव खलाचीच आहे आणि तिची पूर्ती हेच खलकृत्य आहे. त्यामुळे शासन करावे असा अपराधच उरत नाही. कर्बींनी या संहारकाला मानवी चेहरा दिला. संहितेने त्या चेहऱ्यामागे द्वेष मात्र ठेवला नाही. या अंकाचे खरे सामर्थ्य या दोहोंच्या विसंगतीत आहे.

लातूर-नांदेडच्या वाचकाला ही विसंगती केवळ सैद्धांतिक वाटणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे दगावली. दख्खनचा हा खडक स्थिर समजला जात होता. अशा वेळी ‘हे कोणाच्या पापाचे फळ?’ हा प्रश्न शोकाइतकाच स्वाभाविक असतो. तथापि झोपेतल्या माणसांवर कोसळल्या त्या दगडमातीच्या जाड भिंती. पापी शोधणाऱ्या दृष्टीला भिंत दिसत नाही. टॉर्चवर धावून जाणाऱ्या जमावालाही आकाशाचा अर्थ दिसला नव्हता. आपत्तीला खलाचा चेहरा देण्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

निर्हेतुक भुकेचे दुसरे एक रूप आपल्या परंपरेत आहे. होट्टलसारख्या ठिकाणची चालुक्यकालीन मंदिरे पाहिलेल्यास कीर्तिमुख नवे नाही. पुराणकथेनुसार जालंधराचा दूत राहू याला गिळण्यासाठी शिवाच्या तेजातून ते जन्मले. राहूला अभय मिळाल्यावर त्याने भक्ष्य मागितले, तेव्हा शिवाने त्याला स्वतःचेच शरीर खावयास सांगितले. उरले ते मुख द्वारावर स्थापिले गेले. येथे भुकेचा वध होत नाही. तिला उंबरठ्याशी जागा दिली जाते.

अंक ४९ आणि ५० मध्ये गॅलॅक्टसकथा याच्या उलट वाटेने जाते. अंध शिल्पकार अॅलिशियाच्या संवादाने सर्फरचे मन पालटते, हा तिचा सर्वोत्तम क्षण. कारण भुकेच्या सेवकाला प्रथमच भक्ष्याचा चेहरा दिसतो. परंतु निकाल लागतो तो महासंहारक अस्त्राच्या धमकीने. गॅलॅक्टस परततो, भूक तशीच राहते. अण्वस्त्रांच्या धाकावर शांतता तोलणाऱ्या १९६६ च्या जगाला हा शेवट परिचित वाटला असेल. कलादृष्ट्या मात्र ती माघार आहे : जो शत्रू नव्हता, त्याला शत्रूसारखे परतवून लावण्यात आले.

म्हणून या त्रयीतील पहिल्या अंकाचे मोल वेगळे मानावे लागते. तो प्रश्न विचारून थांबतो. खलाचा विचार हेतूपाशी संपवणाऱ्या आपल्या समीक्षेने त्या प्रश्नापाशी काही काळ थांबणे उपयुक्त ठरेल. कारण हेतू नसलेल्या आपत्तींत दोषी सापडत नसला, तरी भिंत कशी बांधली होती हे विचारावेच लागते.