कार्बन नायट्राइड : संगणकातील रचना आणि मुशीतील पदार्थ

स्फटिकरचनेच्या संगणकीय भाकिताच्या इतिहासात कार्बन नायट्राइडचे स्थान मोठे आहे. १९८९ मध्ये एमी लिऊ व मार्विन कोहेन यांनी बीटा-कार्बन नायट्राइड दाबाला हिऱ्याइतकाच प्रतिरोध करील, असे केवळ गणनेच्या आधारे मांडले. प्रयोगाने या भाकिताला दीर्घकाळ दाद दिली नाही. चतुष्फलकीय बंधांची कार्बन नायट्राइडे अतिउच्च दाबाखाली मिळाल्याचे खात्रीलायक वृत्त २०२३ मध्ये आले.

प्रकाश-उत्प्रेरक कार्बन नायट्राइडची गोष्ट नेमकी उलट आहे. येथे पदार्थ आधी होता. लीबिग यांनी १८३४ मध्येच ‘मेलॉन’चे वर्णन केले होते. २००९ मध्ये वांग, अँटोनिएटी व डोमेन प्रभृतींनी दृश्य प्रकाशात त्याच्या साहाय्याने पाण्यातून हायड्रोजन मिळविला आणि संशोधनाची लाट उसळली. मेलामाइन सुमारे ५५० अंश सेल्सिअसला तापविले की पिवळी भुकटी हाती येते. त्यामुळे लहान महाविद्यालयांनाही हा विषय आवाक्यातील वाटला, आणि ते रास्तच होते.

अडचण पुढे आहे. या भुकटीच्या क्ष-किरण विवर्तनात २७.४ अंशांजवळ एक ठळक आणि १३ अंशांजवळ एक क्षीण शिखर दिसते. एवढ्यावरून संपूर्ण रचना ठरत नाही. तरीही असंख्य निबंधांत पूर्ण संघनित, सपाट हेप्टाझीन स्तराचे प्रारूप गृहीत धरून गणना केली जाते. वस्तुतः लोट्श व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये इलेक्ट्रॉन विवर्तन, घनस्थिती एनएमआर व सैद्धांतिक गणना यांची सांगड घालून मेलॉनमध्ये हायड्रोजन बंधांनी जोडलेल्या साखळ्या असल्याचे दाखविले होते. आदर्श स्तरात नायट्रोजन-कार्बन गुणोत्तर १.३३, तर मेलॉनमध्ये १.५ असते, शिवाय वजनाने सुमारे दीड टक्का हायड्रोजन. सपाट स्तर तर गणनेतही अस्थिर ठरतो. सुरकुतलेला स्तर कमी ऊर्जेचा असतो.

संकरित फलनक वापरल्यास आदर्श प्रारूपाचे ऊर्जा-अंतरही प्रयोगातील २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जवळ येते, आणि हा मेळ रचनेचा पुरावा म्हणून सादर होतो. एका आकड्याच्या जुळणीवर एवढा भार टाकणे अशास्त्रीय होय.

साधनांची उणीव ही सबब आता तोकडी पडते. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ घडविला, नंतर तेथील आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ आला. क्वांटम एस्प्रेसोसारखी आज्ञावली तर विनामूल्य आहे. मेलॉनच्या साखळीची गणना साध्या संगणक-समूहावरही होऊ शकते. मात्र त्याआधी भुकटीचे मूलद्रव्य-विश्लेषण करून हायड्रोजनचा आकडा निबंधात छापावा लागेल. बहुतेक कोष्टकांत तोच रकाना नसतो.